धोंडाबाई फ्लोरा

मुक्काम लोणावळा, तालुका मावळ, जिल्हा पुणे. शके १९४७, आषाढ वद्य सप्तमी, गुरुवार, दिनांक १७ जुलै २०२५, दुपारचा प्रहर. त्या दिवशी, त्या ठिकाणी, अंबाजी दत्तोबा कालेकर, वय सत्तेचाळीस, राहणार तिकोणा पेठ, हा आपल्या बापाची मेलेली कंपनी जिवंत करण्याच्या इराद्याने गंगाधर परचुरे यांच्या कचेरीचा जिना चढला.

बाजारावर धुके इतके उतरले होते, की समोरच्या औषधाच्या दुकानाचा हिरवा दिवा तेवढा दिसत होता. दुकान दिसत नव्हते. परचुरे यांच्या खोलीत लाकडी कपाटाच्या आत एक विजेचा दिवा जळत होता आणि फटींतून त्याचा पिवळा उजेड बाहेर गळत होता. पावसाळाभर तो तसाच जळे. कागदांना बुरशी लागू नये म्हणून केलेला तो उपाय. परंतु नवख्या माणसाला कपाटात कोणीतरी जागे आहे असा भास होई.

"छत्री बाहेर ठेवा, अंबाजीराव," परचुरे म्हणाले. सत्तरीला टेकलेला हा गृहस्थ आयुष्यभर कंपन्यांची कागदपत्रे सांभाळत आला होता. "माझ्या कपाटातल्या कंपन्यांना तुमच्या पायगुणाशिवायच बुरशी लागते."

अंबाजी हसला नाही. हसण्यासारखी त्याची परिस्थितीच राहिली नव्हती.

पवनेच्या पाण्याला लागून, तिकोण्याच्या पायथ्याशी, एक सलग जमीन होती. दत्तोबा कालेकराने एकोणीसशे चौऱ्याण्णव साली तिच्यावर गुलाब लावायचे ठरवले. तळेगावच्या बाजूला तेव्हा पॉलिहाउसची लाट आली होती, आणि फुले परदेशी धाडायची तर बँकेला समोर शेतकरी चालत नसे, कंपनी लागे. दत्तोबाने जमीन बिनशेती करून कंपनीच्या नावावर चढवली. कंपनीला निदान दोन सभासद हवेत, आणि तेही सज्ञान हवेत, असा नियम. बायको धोंडाबाई तीन वर्षांपूर्वी वारली होती. मुलगा अंबाजी शाळेत होता. भाऊबंदांवर दत्तोबाचा विश्वास नव्हता. उरली लग्नाची मुलगी शालू. तिची सही घेऊन, तिच्या नावे मूठभर भाग टाकून त्याने कंपनी उभी केली आणि तिला आपल्या गेलेल्या बायकोचे नाव दिले : धोंडाबाई फ्लोरा प्रायव्हेट लिमिटेड.

गुलाब काही वर्षे फुलले, मग रोगाने बसले. पॉलिहाउसच्या सांगाड्याचे नळ गंजत उभे राहिले. दत्तोबाने अंथरूण धरले, कंपनीचे वार्षिक कागद सरकारला जाईनासे झाले, आणि दोन हजार अठरा साली हजारो निद्रिस्त कंपन्यांची नावे एका झटक्यात नोंदवहीतून खोडली गेली तेव्हा त्यांत धोंडाबाईचेही नाव गेले. घरात कोणाला पत्ता लागला नाही. लागला असता तरी कोणी रडले नसते. वर्षभरात दत्तोबाही गेला.

मग मावळात जे घरोघरी होते तेच झाले. बाप गेल्यावर बहिणीने वडगावच्या नोंदणी कचेरीत येऊन भावाला हक्कसोडपत्र करून द्यायचे, भावाने तिला साडी नेसवायची, आणि दोघांनी जवळच्या हॉटेलात मिसळ खाऊन घरी जायचे. शालूबाई आली, तिने अंगठा दिला, सही दिली, साडी घेतली. अंबाजीने पत्रात बापाच्या साऱ्या गटांबरोबर पाण्यालगतचा तो गटही लिहून घेतला. कंपनी म्हणजे आपले आबाच, असे तो समजत होता, आणि खरे सांगायचे तर सारा गाव तसेच समजत होता. त्या जमिनीवर त्याने घर बांधले, पर्यटकांसाठी तंबू ठोकले, भोवती तारेचे कुंपण घातले.

गेल्या दिवाळीनंतर शेजारच्या गटात पुण्याचा एक बांधकामवाला आला. त्याने एका पहाटे आपले कुंपण अंबाजीच्या हद्दीत चांगले आत आणून रोवले. अंबाजी कोर्टात गेला. तिथे समोरच्या वकिलाने शांतपणे सातबारा पुढे केला. वादी मालक नाही, मालक कंपनी आहे, आणि ती कंपनी अस्तित्वात नाही. न्यायाधीशांनी मनाईहुकूम नाकारला. त्या दिवसापासून बांधकामवाल्याचे कुंपण दर आठवड्याला थोडे थोडे पुढे सरकत होते.

"आता कंपनीचं नाव परत चढवायचा अर्ज कुणी करायचा?" अंबाजीने विचारले.

"न्यायाधिकरणाकडे? कंपनीच्या सभासदाने. सभासद दोन. दत्तोबा गेले. उरल्या तुमच्या भगिनी."

"आक्का? तिला आबांनी नुसती सहीपुरती घेतलीती."

"सहीपुरत्या का होईना, त्या सभासद आहेत. तुम्ही नाही."

"मी वारस हाये!"

"त्याही आहेत."

"तिनं हक्कसोड केलंय. रजिस्टर. सगळ्या गटांचं."

परचुऱ्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने सावकाश पुसला. ही त्यांची वाद घालण्यापूर्वीची तयारी होती. "पाण्यालगतचा गट दत्तोबांचा होता का?"

"मग कुणाचा?"

"कंपनीचा. जे बापाचे नव्हते ते मुलीला मिळाले नाही. जे तिला मिळाले नाही ते तिने तुम्हाला सोडले कसे? त्या कागदाने तुम्हाला बाकीचे सारे गट मिळाले. या गटाची मात्र एक काडीही नाही. बापाचे या कंपनीत होते ते भाग, आणि भागांविषयी तुमचे हक्कसोडपत्र चकार शब्द काढत नाही. तुम्ही लिहूनच घेतला नाहीत."

"कुणी सांगतंय हो असलं! गावात कुणी लिवतं का श्यारचं?"

"गावात कुणी कंपनी काढतं का?"

अंबाजी खिडकीकडे पाहू लागला. तिथे धुक्याशिवाय काही नव्हते.

"आणखी एक ऐकून ठेवा," परचुरे पुढे म्हणाले, "म्हणजे उद्या म्हाताऱ्याने सांगितले नाही असे व्हायला नको. नाव पुन्हा चढले, की कायद्याच्या लेखी ते कधी निघालेच नव्हते. मधल्या साऱ्या वर्षांत त्या जमिनीला जागता मालक होता, असे धरले जाईल. बांधकामवाल्याने कुंपण घातले ते मालकाला न विचारता. आणि तुम्ही घर बांधलेत—"

"माझ्या बापाच्या जागेत!"

"मालकाला न विचारता."

कपाटातला दिवा किंचित फुरफुरला आणि पुन्हा स्थिरावला.

"आन न्हाई केलं तर?"

"तर जमीन बेवारस. केव्हातरी सरकार हात घालील. तोवर बांधकामवाला तिथे पोहण्याचा तलाव बांधून मोकळा होईल. पलीकडे पवनेचे धरण असताना लोकांना तलाव कशाला लागतो, हा प्रश्न निराळा."

अंबाजीने विचार केला. बांधकामवाला घर पाडील यात शंका नव्हती. आक्का पाडील असे त्याला वाटत नव्हते. पाच वर्षांपूर्वी न वाचता सही करणारी बाई आताही करील. कंपनी उठली, की आणखी एका कागदावर करील, आणि भाग त्याच्या नावे होतील. असा त्याचा हिशोब होता, आणि तो वरवर चुकीचाही नव्हता. केवळ एक गोष्ट त्याने त्यात धरली नव्हती, आणि टाकव्याच्या वाटेवर गाडी कामशेतच्या पुलावरून वळली तेव्हा तीच त्याच्या डोळ्यांपुढे येऊन उभी राहिली.

धोंडाबाई सवाष्ण गेली होती. पाण्यालगत उंबराखाली दत्तोबाने तिचा लहानसा चौथरा बांधला होता, आणि पितृपक्षात अविधवा नवमीला शालूबाई टाकव्याहून येऊन त्यावर आईच्या नावाने घास ठेवीत असे. लग्न झाल्यापासून तिने एक वर्ष चुकवले नव्हते. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. सासरच्यांनी तिला गोठ्याकडेची एक खोली दिली, तेव्हा तिने भावाकडे दोन खोल्यांपुरती जागा मागितली. अंबाजीने हक्कसोडपत्र दाखवले. तिने पुन्हा शब्द काढला नाही. पण बहीण आत आली, की जागेवर हक्क सांगेल अशी भीती त्याच्या मनात बसली, आणि त्या वर्षी अविधवा नवमीला त्याने फाटकाला कुलूप घातले. शालूबाई आली. गड्याने सांगितले, चावी मालकाकडे आहे, मालक घरी नाहीत. मालक घरीच होते. गच्चीवर उभे राहून पाहत होते. बहिणीने तारेबाहेर जमीन सारवली, पान मांडले, हात जोडले, आणि जाताना एकदाच मान वर करून गच्चीकडे पाहिले. तिने त्याला पाहिले की नाही, हे त्याला अद्याप ठाऊक नव्हते. मात्र पुढच्या वर्षी ती आली नाही.

टाकवे बुद्रुकच्या खाचरांत लावणी चालली होती. शालूबाई गुडघाभर चिखलात वाकून भाताचे आवण लावत होती. भावाला बांधावर पाहून तिने हातातली रोपांची मूठ लावून संपवली, मगच कंबर सरळ केली.

"कोन? अंबू? आज कुटं वाट चुकलास?"

"तुझ्याकडंच आलोय, आक्का."

"बांधावर बस. पॅन्ट लय भारी दिसतीया, चिखल लागंल."

तिने पाटाच्या पाण्यात हात धुतले. अंबाजीने सारे सांगितले, म्हणजे सांगण्याजोगे सांगितले. बांधकामवाल्याचे कुंपण, कोर्ट, कंपनी, अर्ज. तिने मधे एकदाही विचारले नाही. लावणीच्या बाया पुढे सरकत गेल्या, त्यांतली एक ओरडली, "शाले, भाऊ साडी आनतोय का लावनीला?" आणि बाया हसल्या.

साडी खरोखरच गाडीत होती. अंबाजीने पिशवी पुढे केली.

"ऱ्हाऊ दे गाडीत," शालूबाई म्हणाली. "सहीची साडी मागल्या टायमाला घेतली की. ती अजून घडी मोडली न्हाई."

"तसं न्हाई, आक्का—"

"कुटं करायची सही?"

त्याने कागद गाडीच्या बॉनेटवर पसरले. तिने ओल्या हातांची बोटे पदराला पुसली आणि दाखवली तिथे सही केली. मग पेन परत देताना विचारले, "आईचं नाव परत लागंल ना पाटीवर?"

"लागंल की."

"मंग झालं."

"नंतर आनखी एक सही लागंल, आक्का. छोटीच."

"एका टायमाला एक," ती म्हणाली आणि चिखलात उतरली.

परतताना अंबाजीला आनंद व्हायला हवा होता. वाद नाही, प्रश्न नाही, मागणी नाही. परंतु ज्या माणसाला काहीतरी मागायचे असते ते मागते. जे मागत नाही, त्याच्या मनात काय आहे हे शोधण्याची सोयच राहत नाही. कामशेतच्या पुलावर त्याने गाडी कडेला घेतली आणि साडीची पिशवी मागच्या आसनाखाली ढकलली.

अर्ज मुंबईला गेला. पावसाळा उतरला. बांधकामवाल्याचे कुंपण पॉलिहाउसच्या पहिल्या नळापाशी आले. भाद्रपदात अंबाजीने काय करावे? अविधवा नवमीला भल्या सकाळी फाटकाचे कुलूप स्वतः काढले, चौथऱ्याभोवतीचे गवत कापून घेतले, आणि बायकोला, रेणुकाला, खीर-वड्यांचा स्वयंपाक सांगितला. रेणुका तळताना एकदा म्हणाली, "यवढं कुलूप तवा काढलं असतं तर वडे आज गोड लागलं असतं." फाटक दिवसभर उघडे राहिले. एक मोटारसायकल आली, ती तंबूवाल्यांची. आक्का आली नाही. संध्याकाळी पाण्यावरून गार वारा सुटला आणि चौथऱ्यावरचे रिकामे पान उलटे झाले.

न्यायाधिकरणाचा आदेश माघात आला. स्थावर मालमत्ता असल्यामुळे कंपनीचे नाव पूर्ववत करणे न्यायोचित आहे, थकलेले कागद भरावे, विलंबाचा दंड भरावा. परचुऱ्यांनी फोनवर वाचून दाखवले आणि पुढे बजावले, "नोंदणीकृत कचेरीबाहेर कंपनीच्या नावाची पाटी हवी. कचेरीचा पत्ता तोच, पाण्यालगतचा गट. म्हणजे तुमचे घर."

जुनी पाटी गुरांच्या पाण्याच्या हौदावर झाकण म्हणून पालथी पडली होती. अंबाजीने ती उलटली. खालून शेवाळ, चिखल आणि दोन गोगलगायी निघाल्या. रेणुकाने घासणीने घासली तेव्हा पत्र्यावरची अक्षरे एकेक वर आली, अजून धडधाकट, निळी, बापाने रंगवून घेतलेली. त्याने ती दारावर ठोकली. स्वतःच्या घरावर आईचे नाव चढवताना मुलाला बरे वाटावे. अंबाजीला मात्र शेवटचा खिळा मारल्यावर वाटले, की घराचे दार आता आपल्याकडे पाठ करून उभे आहे.

दुसऱ्याच दिवशी बांधकामवाल्याचा माणूस कुंपणापलीकडून रामराम करत आला. इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच हसत होता.

"कालेकर साहेब, अभिनंदन! शालूबाईंचा नंबर असेल ना तुमच्याकडं?"

"कशाला?"

"आमच्या शेठना बोलायचंय. आता बोलायला मालक मिळाला."

अंबाजी हक्कसोडाच्या धर्तीवर केलेला भागांचा कागद आणि आसनाखालची तीच साडी घेऊन तडक टाकव्याला गेला. खोलीला कुलूप होते. शेजारणीने सांगितले, "शालू? ती लेकीबरोबर लोनावळ्याला गेली. परचुरे म्हनून कोन हायेत, त्यांच्याकडं. दुसऱ्यांदा गेली." लेक म्हणजे राजेश्वरी, तळेगावच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करी, आणि मामाशी बोलणे तिने कुलपाच्या वर्षापासून टाकले होते. अंबाजीने परचुऱ्यांना फोन लावला.

"तुमी माझं काम करत होता ना?"

"मी अर्जदाराचे काम करत होतो," परचुरे म्हणाले. "अर्जदाराची सही तुम्हीच आणलीत. रविवारी कंपनीची सभा आहे. तुम्ही सभासद नाही, पण घर तुमच्या ताब्यात आहे, म्हणून कळवतो. खुर्च्या काढून ठेवा."

ते चार दिवस अंबाजीने कसे काढले हे रेणुकालाच ठाऊक. बांधकामवाल्याची गाडी टाकव्याच्या रस्त्याला दिसली, असे कोणी सांगे. आक्काने हो म्हटले, असे कोणी सांगे. शेठ तिला तळेगावात फ्लॅट देतोय, असे तर गावात सगळेच सांगत. रात्री वाऱ्याने पॉलिहाउसवरच्या उरलेल्या प्लॅस्टिकच्या चिंध्या फडफडत, आणि अंबाजी उठून फाटकापर्यंत जाऊन येई. कुलूप आहे की नाही ते पाहायला. ते लावावे की काढावे, हे त्याला ठरवता येत नव्हते.

रविवारी शालूबाई आली. बरोबर राजेश्वरी आणि परचुरे. अंगावर साधीच साडी. दारात थांबून तिने पाटीकडे पाहिले, पाटीला हात लावून कपाळाला लावला, मग आत आली. ओसरीवरच्या खुर्चीत बसली नाही. उंबऱ्याजवळ भिंतीला टेकून बसली, जशी बाप असताना जुन्या घरात बसायची.

परचुऱ्यांनी खणखणीत आवाजात सांगितले : दत्तोबांचे भाग मुलगा आणि मुलगी यांच्या नावे अर्धे अर्धे व्हायचे आहेत. ते होईपर्यंत मत एकट्या शालूबाईंचे. झाल्यावरही त्यांचेच अधिक, कारण चौऱ्याण्णव साली सहीपुरते घेतलेले मूठभर भाग त्यांच्याकडे आहेतच. दुसरी संचालक म्हणून राजेश्वरीची नेमणूक झाली. बांधकामवाल्यावर कंपनीच्या नावाने दावा सोमवारी दाखल होईल. "आणि शेठचा निरोप?" त्यांनी शालूबाईंकडे वळून विचारले.

"त्यो काल आलता," ती म्हणाली. "मोप बोलला. मी म्हनलं, आईचं नाव इकायला मी सही केली न्हाई."

अंबाजी हसला. तोच त्याचा शेवटचा सुटकेचा क्षण.

"आक्का," तो म्हणाला, "मला ठावं होतं. आपल्या घरचं आपुन—"

"तू त्या दिशी गच्चीवं होतास, अंबू."

राजेश्वरी मामाकडे सरळ पाहत होती. रेणुकाने दाराआडून पदर तोंडाला लावला. न बोलण्यासाठी माणसाजवळ हजार निमित्ते असतात. अंबाजीला त्या वेळी एकही सापडले नाही.

"होतो," तो म्हणाला. मग पाटीकडे पाहत, "आता माझ्या घराचं काय?"

शालूबाई उठली. तिने पाण्याकडे पाहिले. एका बाजूला बांधकामवाल्याचे नवे सिमेंटचे खांब, दुसऱ्या बाजूला अंबाजीची गंजलेली तार, आणि मधे उंबराखाली धोंडाबाईचा चौथरा. फाटकाला कुलूप होते. पाहुणे आत येताच, सवयीने, अंबाजीनेच पुन्हा लावले होते.

"घर कंपनीचं हाय," ती म्हणाली. "तू ऱ्हा त्यात, तुला कुनी काडनार न्हाई. पन कुंपन दोन्ही निघतील. त्याचं कोरट काडंल तवा काडंल. तुजं आज काड."